खडखड मोटारीची, कोंडी दुरुस्तीची

पावसाळा ओसरला की सातारा, कऱ्हाड, सांगली आणि मिरज या शहरांतील गॅरेजांमध्ये एकाच तक्रारीच्या मोटारींची रांग लागते. एका बाजूचे चाक खड्ड्यात उतरले की पुढच्या भागातून ‘खट्’ असा आवाज येतो. मोटार चालते, वळते, थांबते. पण तो आवाज काही पिच्छा सोडत नाही. मिस्त्री मोटारीखाली डोकावतो आणि निदान करतो : ‘स्टॅबिलायझर गेला.’ त्यापुढे मात्र प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. कोणी अख्खा दांडा बदलायला सांगतो, कोणी नुसते बुश बदलून देतो, तर कोणी लिंक रॉड काढून टाकून आवाज ‘बंद’ करून देतो. अलीकडे चौथा पर्यायही रुजू लागला आहे. सुटा भाग ऑनलाइन मागवायचा, चित्रफीत पाहायची आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच पाना हाती घ्यायचा.

वरवर पाहता हा हौसेचा किंवा काटकसरीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन मोठे प्रश्न गुंतलेले आहेत. रस्ते खराब असल्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क नेमका कोणाचा, आणि त्या हक्काबरोबर येणारी सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार, हे ते प्रश्न होत.

पोलादी दांड्याचे काम

स्टॅबिलायझर बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वाकवलेला दांडा. त्याचा मधला भाग दोन रबरी बुशांत बसवून मोटारीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. दोन्ही टोके लिंक रॉडच्या मदतीने डाव्या व उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. मोटार वळणावर एका अंगाला कलू लागली, की एका बाजूचे चाक सांगाड्याच्या तुलनेत वर जाते आणि दुसरे खाली राहते. तेव्हा हा दांडा पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करताना मोटारीचे कलणे रोखून धरतो. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली, तर तो पिळला न जाता बुशांमध्ये नुसता फिरतो.

या साध्या तत्त्वातच दुखणे ओळखण्याची किल्ली आहे. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक सरळ ओलांडताना आवाज येत नाही. पण एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले की येतो, असे असेल तर संशय लिंक रॉड आणि बुश यांच्यावर घ्यावा. दोन्ही वेळा आवाज येत असेल, तर शॉकअप, त्याचे वरचे माउंटिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट आधी तपासायला हवा. ही खूण अचूक निदान नव्हे. मात्र बिल मंजूर करण्यापूर्वी विचारायचा प्रश्न त्यातून सापडतो.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. दांडा स्वतः क्वचितच तुटतो. झिजतात ते त्याला धरून ठेवणारे बुश आणि लिंक रॉडचे सांधे. अपघातात दांडा वाकला असेल, गंजाने खोलवर पोखरला असेल, बुशाखालची जागा झिजून बारीक झाली असेल किंवा त्याला तडा गेला असेल, तरच तो बदलणे क्रमप्राप्त ठरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा उभ्या असलेल्या असंख्य मोटारी बुडाल्या. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा मोटारींच्या खालच्या भागाची तपासणी अधिक बारकाईने व्हायला हवी. अन्यथा बुशांचे दुखणे असताना संपूर्ण दांडा बदलणे म्हणजे चौकट सैल झाली म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे.

रस्ते सार्वजनिक, भुर्दंड खासगी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा भूगोल सस्पेन्शनची जणू परीक्षाच घेतो. पश्चिमेला पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट आहेत. तेथे वळणांमागून वळणे येतात आणि महाबळेश्वर-कोयनेच्या धुवाधार पावसात डांबराचा थर टिकत नाही. कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या ऊसपट्ट्यात काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे रस्त्याला लाटा पडतात. त्यावर गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात. रस्त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या खचतात आणि त्यावरून जाणाऱ्या मोटारीची डावी-उजवी चाके सतत आलटून-पालटून वरखाली होतात. स्टॅबिलायझरचे बुश आणि लिंक रॉड झिजण्यास याहून अनुकूल परिस्थिती दुसरी नाही. पेठ नाका ते सांगली हा रस्ता तर वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठीच ओळखला गेला. पुणे-सातारा महामार्गाच्या सहापदरीकरणाचे रेंगाळणे आणि तरीही सुरू राहिलेली टोलवसुली हा या भागातील जुना संतापाचा विषय आहे.

वाहनधारक नोंदणीच्या वेळी कर भरतो, इंधनावर कर भरतो, महामार्गावर टोल भरतो. तरीही रस्त्यामुळे झालेल्या झिजेचा खर्च शेवटी त्याच्याच माथी येतो. विमा कंपनीकडे जावे, तर नेहमीच्या वापरातील झीज आणि यांत्रिक बिघाड हे साधारण पॉलिसीत वगळलेलेच असतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांच्या प्रश्नावर महत्त्वाचा आदेश दिला. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याची व्यवस्था त्यातून झाली. जिवाची किंमत पैशात होत नाही. तरीही रस्ते यंत्रणांचे उत्तरदायित्व रुपयांत मोजले जाऊ लागले, हे मोठे पाऊल आहे. मात्र मोटारीच्या नुकसानीचा प्रश्न तेथेही बाजूलाच राहिला. त्यामुळे वाहनधारकापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दुरुस्तीचा खर्च आटोक्यात ठेवणे.

घरी करता येते, पण कुठवर?

स्टॅबिलायझरचे काम घरी करता येते का, या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. ते मोटारीच्या रचनेवर अवलंबून आहे. आजच्या बऱ्याच मोटारींमध्ये चाक जागेवर धरण्याचे काम लोअर आर्म आणि स्ट्रट करतात. स्टॅबिलायझर केवळ कलणे रोखतो. अशा मोटारीचे लिंक रॉड बदलणे हे तुलनेने सोपे काम आहे. मात्र मारुती ८०० सारख्या जुन्या छोट्या मोटारींत या दांड्यावर दुहेरी जबाबदारी असे. त्याची टोके थेट लोअर आर्ममधून जात आणि चाकाला पुढेमागे सरकण्यापासूनही तोच रोखत असे. अशा मोटारीत तो सैल राहिला, तर ब्रेक लावताच चाक जागा सोडू पाहते आणि मोटार एका बाजूला ओढली जाते. तेथे काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करणे अपरिहार्य ठरते. एकाच नावाचा भाग दोन मोटारींत दोन वेगळी कामे करतो, हे चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांच्या लक्षात येतेच असे नाही.

लिंक रॉड आणि बुश यांच्यापुढे जाऊन संपूर्ण दांडा काढायचा, तर काम आणखी अवघड होते. अनेक मोटारींत तो स्टिअरिंग रॅक आणि क्रॉस मेंबर यांच्यामध्ये अडकलेला असतो. क्रॉस मेंबर खाली उतरवल्याशिवाय तो बाहेर निघत नाही, आणि त्यासाठी इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो. काही मोटारींत स्टिअरिंगचा दांडाही सोडवावा लागतो. त्या वेळी स्टिअरिंग फिरले, तर एअरबॅगला जोडणारी गुंडाळीची वायर तुटू शकते. घरगुती कामाची हद्द येथे संपते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

जे काम घरी होण्यासारखे आहे, त्यालाही शिस्त हवी. मोटार केवळ जॅकवर ठेवून खाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. पक्क्या, सपाट काँक्रीटवर दोन्ही बाजूंना स्टँड लावूनच मोटार पेलावी. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉक वजनाखाली खचू शकतात, ही साधी गोष्टही अनेकदा विसरली जाते. मागच्या चाकांना अडण्या लावाव्यात. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी आणि सारख्या उंचीवर उचलावीत. एकच चाक उचलले, तर दांडा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि नट सुटताच त्याचे टोक झटक्याने उसळते. गंजलेल्या नटावर आदल्या दिवशीच गंज सैल करणारे तेल सोडावे. लिंक रॉडचा नट सोडवताना बॉल जॉइंटचा दांडा नटाबरोबर फिरू लागतो. म्हणून तो वेगळ्या पान्याने धरून ठेवावा लागतो.

बुश किंवा लिंक रॉड नेहमी जोडीने, दोन्ही बाजूंचे बदलावेत. रबरी बुशांना साधे ग्रीस लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. खनिज तेलाने रबर फुगते आणि लवकर निकामी होते. स्वतः घट्ट होणारे नायलॉक नट एकदा काढले की नवेच वापरावेत. रबरी बुश असलेल्या जोडांचे नट मोटार हवेत असताना पुरते आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून मोटारीचा भार सस्पेन्शनवर आल्यावरच अखेरचा पीळ द्यावा. अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते. तो पीळही अंदाजाने नव्हे, तर कंपनीने ठरवलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने दिलेला असावा. ५०-१०० किलोमीटर मोटार चालवल्यानंतर सारे नट पुन्हा तपासावेत. एवढे सांभाळण्याची तयारी नसेल, तर दोन-चार हजार वाचवण्याचा मोह टाळलेलाच बरा.

‘आवाज बंद’ करण्यासाठी लिंक रॉड काढून टाकण्याची पद्धत मात्र निखालस धोकादायक आहे. काही स्वस्त मोटारींना हा दांडा मुळातच नसतो, हे खरे. पण त्यांच्या स्प्रिंगा आणि शॉकअप त्या हिशेबाने घडवलेल्या असतात. ज्या मोटारीची रचना दांडा गृहीत धरून झाली आहे, तिच्यातून तो काढल्यावर शहरात फरक जाणवत नाही. जाणवतो तो पसरणी घाटाच्या वळणावर किंवा महामार्गावर अचानक आडव्या आलेल्या दुचाकीला चुकवताना. तेव्हा दुरुस्तीची संधी उरलेली नसते.

सुट्या भागांची कोंडी

घरी किंवा चौकातल्या गॅरेजमध्ये नीट काम व्हायचे, तर अस्सल सुटा भाग आणि अचूक माहिती या दोन गोष्टी लागतात. दोन्हींवर दीर्घकाळ मोटार कंपन्यांची पकड राहिली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये या विषयावर ऐतिहासिक निकाल दिला. कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची उपकरणे केवळ आपल्या अधिकृत वितरकांपुरती राखून ठेवतात आणि स्वतंत्र गॅरेजांना बाजारातून हद्दपार करतात, असा निष्कर्ष काढून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये मोटार नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. या निकालाला न्यायालयांत आव्हाने दिली गेली आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. दरम्यान ग्राहकाच्या मनातली ‘बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल’ ही भीती जशीच्या तशी राहिली.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. कंपन्यांनी पुस्तिका, सुट्या भागांच्या किमती, वॉरंटीच्या अटी यांची माहिती तेथे एकत्र द्यावी, ही कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०२० मध्ये मतदारांच्या कौलाने त्याची व्याप्ती वाढवली. तेथे स्वतंत्र गॅरेजला माहिती मिळणे हा हक्क आहे. आपल्याकडे तो अद्याप कंपनीच्या मर्जीचा भाग आहे.

किमतीच्या बाबतीत एक दिलासा जरूर मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर एकसमान १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. अस्सल आणि नकली भागांच्या किमतीतील दरी त्यामुळे काहीशी कमी व्हायला हरकत नाही. नकली मालाचा प्रश्न मात्र केवळ कराचा नाही. हुबेहूब वेष्टनातील निकृष्ट रबराचा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

दुरुस्ती की फेरबदल?

हौशी तरुणांमध्ये मूळ दांड्याऐवजी जाड दांडा बसवण्याची टूम आहे. येथे पदार्थविज्ञान आणि कायदा दोन्ही आडवे येतात. दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा बसवला, तर जाडी दहाच टक्के वाढते. पण ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. पुढच्या बाजूला तो अवाजवी वाढला, की वळणावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटते आणि स्टिअरिंग वळवूनही मोटार सरळ बाहेरच्या बाजूला सरकू पाहते. ओल्या घाटरस्त्यावर याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद केली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा, त्याच दर्जाचा भाग बसवणे ही दुरुस्ती होय. त्याला कायद्याची आडकाठी नाही. दुरुस्तीचा हक्क मागताना ही सीमारेषा पुसट होऊ देता कामा नये. अन्यथा हक्कालाच विरोध करणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल.

वारसा दुरुस्तीचा

ज्या भागात हा प्रश्न आज उभा आहे, त्या भागाला दुरुस्तीतून उद्योग घडवण्याचा वारसा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता-दुरुस्त करता त्यांना यंत्राची नस सापडली. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, जी आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने तीच परंपरा चालवली. साताऱ्याच्याच औद्योगिक वसाहतीत महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया स्कूटर घडवली. त्या स्कूटरचा प्लग साफ करणे किंवा क्लचची केबल बदलणे हे त्या काळातील मध्यमवर्गीय घरांत सहज होणारे काम होते. यंत्र उघडून पाहण्याचे धाडस ही या मातीची जुनी सवय आहे.

आज त्या सवयीचे वारसदार म्हणजे चौकाचौकांतील गॅरेजवाले आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणारी मुले. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून महामार्गापर्यंत पसरलेल्या या छोट्या व्यवसायांवर अनेक कुटुंबे उभी आहेत. त्यांच्या हातात कसब आहे. कमी पडते ती अधिकृत माहिती आणि अचूक हत्यारे. मापाचा पीळ किती द्यायचा हे पुस्तिकेतच दडलेले असेल, तर उत्तम मिस्त्रीलाही अंदाजावर विसंबावे लागते. चूक मग माणसाची ठरते, दोष मात्र व्यवस्थेचा असतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे मार्ग अवघड नाहीत. निदान सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग या सुरक्षिततेशी निगडित भागांच्या दुरुस्ती-पुस्तिका सर्वांना मराठीसह भारतीय भाषांत खुल्या करण्याचे कायदेशीर बंधन कंपन्यांवर घालावे. बिलात कोणता भाग का बदलला, याची नोंद सक्तीची करून जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. आयटीआयने सुट्यांच्या दिवशी वाहनधारकांसाठी आणि जुन्या मिस्त्रींसाठी लहान वर्ग चालवावेत. आणि रस्ते यंत्रणांनी खड्डे बुजवण्याचे काम वाहनधारकाच्या खिशातून होणाऱ्या दुरुस्तीवर सोपवू नये.

मोटार स्वतः उघडायची की मिस्त्रीकडे न्यायची, हा निर्णय ज्याचा त्याने आपली कुवत ओळखून घ्यावा. तो निर्णय माहितीअभावी किंवा भीतीपोटी घ्यावा लागू नये, एवढी अपेक्षा मात्र गैर नाही. ज्या वस्तूचे हप्ते ग्राहक सात-सात वर्षे फेडतो, तिच्या आत काय आहे हे जाणण्याचा हक्क त्याला नसेल, तर ती वस्तू त्याची झाली असे म्हणणे कठीण आहे.